शून्य सावलीचा दिवस

“बारा अठ्ठावीस! पायाखाली बघा,” विज्ञानाच्या देवस्थळी बाई ओरडल्या. सूर्य नेमका डोक्यावर आला होता. मैदानात रोवलेल्या पाइपची सावली नाहीशी झाली आणि उन्हाळी शिबिरातल्या मुलांचीही.

“बाई, आपण भुतं झालो!” एक मुलगी म्हणाली. सगळे हसले. खिचडीचा झारा घेऊन बघायला आलेल्या यमुनामावशीही हसल्या, संक्रांतीला त्यांची लेक शाळेतून बेपत्ता झाल्यापासून पहिल्यांदाच.

“मग ती कुणाची?” मुलीने बोट दाखवलं.

झेंड्याच्या नव्या ओट्यावर सावली पडली होती, संध्याकाळी पडते तशी लांब, दोन वेण्यांची. ओट्याजवळ कुणीच नव्हतं.

“ऊन लागेल, वर्गात चला!” म्हणत मुख्याध्यापक घाईने ओट्यावर चढले आणि सावलीवर उभे राहिले. सावली दचकून बाजूला सरकली.

मावशींना आठवलं, हा ओटा संक्रांतीच्याच संध्याकाळी बांधला होता. गवंड्याला घरी पाठवून शेवटचं काँक्रीट सरांनी स्वतः ओतलं होतं. गावाने कौतुक केलं होतं.

मिनिटभराने मुलांच्या सावल्या परतल्या. ओट्यावरची विरली. मावशींनी झारा ओट्यावर आपटला.

“पहार आणा,” त्या म्हणाल्या.