विमानानं तास, गाडीनं आठ

"उद्याचं विमान रद्द झालंय, आबा," फोन खाली ठेवत स्नेहल म्हणाली. "मी गाडी बोलावलीया. आठ तासांत मुंबईला पोचू."

आकाराम पाटलांचं तोंड उतरलं. तासाभरात मुंबई गाठणार, असं त्यांनी कोडोलीत डेअरीपासून सलूनपर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. शिवाय लेकीबरोबर आठ तास बोलायचं तरी काय? तिनं मनानं लग्न केलं, तेव्हापासून चार वर्षं त्यांनी अबोला धरला होता. लग्नाला गेले नाहीत, जावयाचा फोटोसुद्धा हातात घेतला नाही. आता छातीचं ऑपरेशन निघालं, तर तीच धावत आली होती.

"त्यो घरात असंल तर मी पायरी चढणार न्हाय," त्यांनी पुन्हा बजावलं.

"आपण पोचूस्तोवर घरात कुणी नसंल. मग तर झालं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी आली. ड्रायव्हर तिशीतला, अबोल. त्यानं आकारामांना हाताला धरून पुढं बसवलं, पाठीला उशी लावली. वाठारला हायवे लागला तेव्हा वरून एक विमान गेलं.

"हे कुठलं म्हणायचं?"

"हैदराबादचं असंल," स्नेहल म्हणाली.

कराडपर्यंत तिघंही गप्प होते. तिथं ड्रायव्हरनं न सांगता गाडी थांबवली.

"काका, गोळीची वेळ झाली. आधी दोन घास खाऊन घ्या."

लेकीनं त्याला सांगून ठेवलं असणार, हे आकारामांना कळलं. त्यांना बरं वाटलं.

खंबाटकी घाटात त्यांचा जीव घाबरा झाला. ड्रायव्हरनं गाडी कडेला घेतली, त्यांच्या सदऱ्याची बटणं सोडली आणि श्वास ताळ्यावर येईपर्यंत त्यांचा हात धरून बसला. मागं स्नेहल रडत होती. तिच्याकडं बघून आकारामांचा धीर सुटला.

"रडू नगंस गं. माझंच चुकलं. डोसक्यात राग घालून बसलो, चार वर्षं वाया गेली."

मग मात्र गाडीत नुसता कलकलाट. पुणं कधी मागं पडलं कळलं नाही. तिच्या शाळेच्या गोष्टी निघाल्या, म्हशी निघाल्या. ड्रायव्हर हसत होता, गाडीला एक धक्का लागू देत नव्हता.

"बरं झालं विमान उडालं न्हाय," आकाराम म्हणाले. "तासात उतरलो असतो आणि मुक्यानंच दवाखान्यात गेलो असतो."

मुंबईत गाडी थांबली तेव्हा त्यांनी ड्रायव्हरपुढं हात जोडले. "लई उपकार झाले, पावणं. चला वर. चहा घेतल्याबिगर सोडत न्हाय."

ड्रायव्हर घुटमळला.

"अवो या की! माझ्या लेकीचं घर हाय. मी सांगतोय न्हवं?"

तिसऱ्या मजल्यावर दाराला कुलूप होतं. लेकीनं शब्द पाळला, म्हणून आकारामांना समाधान वाटलं.

ड्रायव्हरनं पिशव्या खाली ठेवल्या, आपल्या खिशातून किल्ली काढली आणि दार उघडलं.

"या, आबा."