शेवटचं अक्षर

लिफ्टवाल्यांनी पिशवीतून कॉम्प्युटरच्या प्रोसेसरचं खोकं काढून दुकानाच्या काउंटरवर ठेवलं आणि तिने त्यावरचा नंबर वाचला. नंबराच्या शेवटी एक अक्षर हवं होतं. ते नव्हतं.

सगळी गंमत त्या अक्षरात होती. ते असलं तर प्रोसेसरला ठरलेल्या वेगाच्या पुढे पळवता येतं. नसलं तर कंपनीने आतून कुलूप घातलेलं असतं. मग तो ज्यावर बसवतात तो मदरबोर्ड कितीही भारी आणा, प्रोसेसर आपला आपल्याच चालीने चालणार. आणि आज दोघं नेमका प्रोसेसर पळवायचा भारी बोर्ड घ्यायला आले होते.

लिफ्टवाले म्हणजे आईने वर्षापूर्वी ज्यांच्याशी लग्न केलं ते. इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचे, म्हणून मैत्रिणींपाशी तिने त्यांना हे नाव ठेवलं होतं. तोंडावर ती काहीच म्हणत नसे. बाबा नाही तर निदान काका तरी म्हण, असं आईने सांगून पाहिलं. तोही शब्द तोंडातून निघायचा नाही. मग "अहो, जरा ते द्या", "अहो, फोन आलाय" असं चालायचं. घरात त्यांना अहो म्हणणाऱ्या दोघी झाल्या होत्या. शेवटी आईनेच हात टेकले. एकदा त्यांच्याबरोबर बाहेर जाऊन ये, म्हणाली, आणि तरीही जमत नाही असं वाटलं तर खुशाल हॉस्टेलवर जा, मी अडवणार नाही.

माणूस वाईट नव्हता, हीच पंचाईत होती. वाईट असता तर भांडता तरी आलं असतं. त्यांनी हौसेने आणलेली सॅक तिने "माझ्याकडे आहे" म्हणून परत केली, तेव्हापासून तिच्याशी बोलण्याआधी ते गुन्हेगारासारखे खाकरायचे. ते खाकरणं ऐकलं की तिला स्वतःचाच राग यायचा. प्रोसेसरचा नंबर तिने आईला सांगितला होता, आणि त्यांनी तो परस्पर आणलाही. आईकडून त्यांच्याकडे जाताना ते अक्षर कुठेतरी सांडलं असणार.

आता दुकानदाराने खोकं पाहिलं की संपलं. सगळ्यांदेखत त्यांची फजिती होणार, आणि ती आपल्या नादापायी. तिने आपली पर्स खोक्यावर ठेवली आणि सपाटून बोलायला सुरुवात केली. कार्टूनमधली माणसं हलती करण्याचं आपलं काम, त्याला वेग किती लागतो, मागचा बोर्ड कसा स्वस्तातला निघाला, सगळं सांगितलं. पळतो प्रोसेसर, पण भार सोसतो बोर्ड. मागच्या बोर्डाचा प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग तापत गेला आणि एक दिवस प्रोसेसरसकट बोर्डच जळाला. म्हणून आता त्या भागावर जाड धातूचं कवच हवं, उष्णता बाहेर टाकणारं. दुकानदार एकेक बोर्ड पुढे मांडत होता. ती एकेकाला नावं ठेवत वेळ काढत होती.

लिफ्टवाले शेजारी उभे होते. कपाळ घामाने डबडबलं होतं. येताना वाटेत त्यांनी एकच प्रश्न विचारला होता: कंपनीने वेग ठरवून दिलाय, तर त्याच्या पुढे जायचंच कशाला? सहा जणांच्या लिफ्टमध्ये सातवा शिरला की ज्याचा जीव वरखाली होतो, तो माणूस दुसरं काय विचारणार. तिने खिडकीबाहेर बघत काहीतरी तुटक उत्तर दिलं होतं. आता मात्र तिला त्यांची दया आली. बिचाऱ्यांना यातलं ओ की ठो कळत नाही आणि तरी आलेत.

शेवटी एक बोर्ड पसंत करावाच लागला. "काका, प्रोसेसर बघू जरा," दुकानदार म्हणाला, "यावर बसतो का ते बघतो." तिने हात पुढे करेपर्यंत त्याने पर्स बाजूला सरकवून खोकं उचललं होतं. त्याने नंबर वाचला, पुन्हा वाचला आणि हसला.

"याला तर कुलूप आहे. हा बोर्ड घेऊन करणार काय? कोणी मारला हा तुमच्या गळ्यात, काका?"

दोन-तीन गिऱ्हाइकांनी वळून पाहिलं. लिफ्टवाल्यांची मान खाली गेली. ते खाकरले. तिला ते सहन झालं नाही.

"बाबांना नंबर मीच चुकीचा सांगितला," ती म्हणाली. "त्यांची काही चूक नाही."

तोंडातून काय निघालं ते तिला नंतर कळलं आणि तिचे कान तापले. दुकानदाराला त्याचं काहीच नव्हतं. होतं असं कधीकधी, म्हणून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. एवढ्यावर निभावलं, असं तिला वाटलं. तिने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा मघापेक्षाही उतरला होता. खोकं हातात घेऊन ते नुसतेच उलटंपालटं करत होते.

"नंबर तू बरोबरच दिला होतास," ते हळू आवाजात म्हणाले. "शेवटच्या अक्षरासकट. बोर्ड जळाला तेव्हा तुझी खोली धुराने भरली होती, आणि तू आत होतीस. मी फार घाबरलो होतो गं. म्हणून कुलूपवालाच मागून घेतला."

म्हणजे तो घाम न कळल्याचा नव्हता. दुकानदाराच्या ज्या वाक्याला ती घाबरत होती, त्यालाच तेही घाबरत होते. तिला हसू आलं नाही, रागच आला. या माणसासाठी आपण चारचौघांत खोटं बोललो.

"मग आता तरी कशाला सांगितलंत?" ती म्हणाली. "मी घेतलं होतं ना सांभाळून."

"नुसता काका असतो, तर गप्प बसलो असतो."