काचेमागचं ऊन

नीरजाला भरदुपारी कळा सुरू झाल्या. नवरा जहाजावर, आणि त्याची विजेवरची गाडी कित्येक महिने अंगणात नुसती उभी. अशा गाडीची मोठी बॅटरी भरलेली असली, तरी छोटी मेली की गाडी उठतच नाही. म्हणून आप्पांनी, तिच्या सासऱ्यांनी, समोरच्या काचेमागे पाटीएवढं सोलर पॅनेल ठेवून ते छोटीला जोडलं होतं.

आप्पा गाडीकडे धावले आणि ओरडलेच, "अगं, काचेवर कुरडया?"

"चार दिवस झाले. काच छान तापते," सासूबाई पिशवी सावरत म्हणाल्या.

"बॅटरीचं ऊन खाल्लं की तुझ्या कुरडयांनी!"

त्यांनी कुरडयांखालचं लुगडं ओढलं. कुरडया अंगणभर उडाल्या. आप्पांनी किल्लीचं बटण दाबलं. कुलूप खट्‌कन उघडलं, स्टिअरिंगजवळचा पडदा उजळला.

मागच्या सीटवर रेलून ती त्या काळ्या पाटीकडे बघतच राहिली. चार दिवस उपाशी राहूनही, आधी साठवलेल्या उन्हावर एवढं धूड उठलं होतं, हूं की चूं न करता. पुढची कळ आली. सासूबाईंचा हात घट्ट धरून ती पोटातल्या जीवाला म्हणाली, "चल बाळा, सूर्याने गाडी धाडलीय तुझ्यासाठी."