उतारावरची परीक्षा

"चढावर बघितलंत ना, मालक? लाल गाडी कशी सुसाट गेली!" एजंट बाबांना म्हणाला. आमच्या स्ट्रॉबेरीच्या मळ्यासाठी त्याने दोन एटीव्ही, म्हणजे खडबडीत रानात चालणाऱ्या जाड चाकांच्या छोट्या चारचाकी, दाखवायला आणल्या होत्या, एक लाल, एक हिरवी. बाबा लालवर फिदा!

मी म्हटलं, "पण काका, आपला माल तर वरून खाली येतो. रिकामी गाडी वर चढवून काय कळणार?"

"आता दहावीतली पोर गाड्या पारखणार!" एजंट हसला.

बाबा हसले नाहीत. "बघू दे तिला."

मग काय! दोन्हींवर दोन-दोन भरलेले क्रेट बांधले आणि दगडगोट्यांच्या उतारावरून एकेक गाडी मीच खाली आणली. लाल प्रत्येक खड्ड्यात उडाली. ब्रेक दाबून दाबून माझी बोटं दुखली. हिरवी मात्र पहिल्या गिअरमध्ये, ब्रेक न दाबताही इंजिनच्या जोरावर स्वतःच स्वतःला धरत, म्हशीसारखी निवांत उतरली.

बाबांनी क्रेटमध्ये हात घातला. लालवरच्या क्रेटमधून हात रसाने माखून निघाला. हिरवीवरचं एकही फळ चेचलं नव्हतं.

"हिरवीच घेतो," बाबा एजंटला म्हणाले आणि हिरवीवर माझ्या मागे चढून बसले. "चल, आता मला शिकव."