आळश्याची पट्टी

या, असे जवळ सरका. कीर्तनकार बुवा पंगतीला यायला अजून अवकाश आहे. तोवर हंबीररावाची गोष्ट ऐका.

जेसीबी बांधावर धडधडत उभा होता आणि हंबीरराव हसत होता. गारगोटीपलीकडं त्याचं शेत जिथं संपतं आणि रान सुरू होतं, त्या मधल्या आठ हात पट्टीत एक बाई गुडघ्यावर बसून गवत मोजत होती. इरावती तिचं नाव. कोल्हापुरात कॉलेजात शिकवायची.

"बाई, गवत मोजायला पगार किती?"

"पोटापुरता," ती म्हणाली. "दादा, रानात बावीस जातींची झाडंझुडपं मिळाली, तुमच्या शेतात सहा. या पट्टीत एकेचाळीस. दोन्हीकडचं इथं येतं आणि काही तर फक्त इथंच जगतं. कुठल्याही बाजूला बिघडलं, तर आधी इथं कळतं. म्हणून मोजायचं."

हंबीररावाला जांभई आली. ना धड रान, ना धड शेत! त्याचा आजा केरबा चिपळ्या घ्यायला पहिला, नांगराला शेवटचा. इथवर आला की बैल वळवायचा आणि रानाकडं बघून म्हणायचा, "त्यांचं त्यांना असू दे." गावानं त्या पट्टीला नाव ठेवलं, आळश्याची पट्टी. त्या नावाला सगळ्यांत मोठ्यानं हसायचा तो हंबीररावच.

"निदान हा उंबर ठेवा," इरावती म्हणाली. "ढोलीत सातेरी मधमाश्यांचं मोहळ आहे."

"माश्या पाळाय मी काय हलवाई हाय व्हय?"

ड्रायव्हर खो-खो हसला. दुपारपर्यंत पट्टी सपाट झाली आणि तिच्यात ऊस लागला.

शेजारच्या वावरात दरसालासारखे भोपळे केले. वैशाखात सप्ताहाच्या पंगतीला भोपळ्याची भाजी हंबीररावाच्या घरची, हा केरबापासूनचा मान. फाल्गुनात वेल फुलांनी पिवळेधमक झाले. लिंबाएवढे भोपळे दिसले आणि गळून पडले. खत घातलं, औषध मारलं, एक टिकेना. पंगतीला दीडच महिना उरला, तेव्हा त्यानं मान खाली घालून इरावतीला फोन लावला.

ती आली. एका शब्दानंही टोचलं नाही, तेच त्याला जास्त टोचलं. तिनं एक नर फूल खुडलं आणि मादी फुलाच्या मधोमध हलकेच घासलं.

"हे काम माश्या करायच्या. आता तुम्ही करा. रोज उजाडताना, फूल मिटायच्या आत."

मग काय! एवढा मिशाळ गडी, बोटं हळदीसारखी पिवळी, ओणवा होऊन फुला-फुलापाशी. दूध घालायला निघालेला कृष्णात गाडी थांबवून ओरडला, "हंबीरराव, पगार किती वो?"

एकोणीस भोपळे धरले. पंगत कशीबशी निभावली.

पुढं ऊस तुटला. हंबीररावानं पट्टीत खोडवा, म्हणजे त्याच बुडख्यांवरचं दुसरं पीक, राखला नाही. ट्रॅक्टर आठ हात अलीकडंच वळवला आणि मोकळ्या जागेत उंबराची फांदी रोवली. गाव फिदीफिदी हसलं, "आज्याच्या वळणावर गेला की! आळशी!"

हंबीररावानं टोपी काढली, रानाकडं हात जोडले आणि पुटपुटला, "त्यांचं त्यांना असू दे."

चला, पानं मांडली वाटतं. भोपळ्याची भाजी वाढली की पहिल्या घासाआधी एवढं करा, त्या आळशी केरबाची आठवण काढा.