होडी चालेल तिथपर्यंत

"थांबली ना होडी?" साहेबांनी विचारलं.

"थांबली नाही, साहेब. घासतेय नुसती." नावाडणीने बांबूवर छाती टेकून अंगातला सगळा जोर लावला. होडी हातभर सरकली. तळाला राख करकरली.

साहेबांच्या मांडीवर शंभर वर्षांपूर्वीच्या कायद्याचं पुस्तक होतं. भरलेली होडी ज्या पाण्यात चालते, त्या पाण्यात कुणी राख, मळी, दगडमाती टाकायची नाही, असं त्यात छापलेलं. त्याच कलमावर तिने कारखान्याविरुद्ध चार वर्षं अर्ज केले, तेव्हा कुठे आज साहेब तपासणीला उगवले होते. होडी पलीकडे पोचली की नदीत राख सोडणारा कारखान्याचा नळ बंद. नाही पोचली, तर माणसं पलीकडे नेण्याचा सासऱ्यांपासूनचा धंदा बंद.

आणि साहेबांनी जागा निवडावी कुठली? नेमकी नळासमोरची! नळ भडाभडा काळं ओकत होता. साहेबांनी नाकाला रुमाल लावला, पण मान काही तिकडे वळवली नाही.

मध्यावर होडी रुतली ती रुतलीच. वर वीतभर पाणी, खाली कमरेएवढा चिखल. तिच्या हाताची सालटं निघाली.

"साहेब, दोन मिनिटं उतरता? वजन कमी झालं की निघेल."

"या घाणीत? वेड लागलंय का, बाई? आणि कायद्यात भरलेली होडी म्हटलंय."

"पण राख त्यांचीच ना? त्यांनीच नदी बुजवायची, आणि बुजली म्हणून त्यांनाच मोकळं सोडायचं?"

"राख कुणाची, हा रकाना तपासणीच्या फॉर्मात नाही. होडी चालते की नाही, एवढंच आहे."

त्यांनी लिहिलं : 'येथे होडी चालत नाही. कायदा लागू नाही.' खाली झोकात सही ठोकली आणि एक प्रत तिच्या हातात दिली.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कागदाची घडी करून तिने कमरेला खोचली, बांबू चिखलातून उपसून होडीत आडवा टाकला आणि त्यावर पाय ठेवून खाली बसली.

"चला, फिरवा परत," साहेब म्हणाले.

ती हलली नाही.

काठावरून दीर ओरडला, "वहिनी, अडकली का होडी? दोर टाकू?"

"कुठली होडी, भाऊजी?" तिने तिथूनच आवाज चढवला. "इथे होडी चालतच नाही. साहेबांनी सहीनिशी लिहून दिलंय. साहेब पायी येतायत!"

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, लांबच्या काठाकडे पाहिलं, आपल्या चकचकीत बुटांकडे पाहिलं. आणि मग, सकाळपासून पहिल्यांदाच, नळाकडे.