कमलाबाईंची हजेरी

"घरचं माणूस असताना बाहेरची बाई कशाला?" अजितने मटणाची नळी ताटात आपटली. "महिन्याला सव्वीस हजार! पैसे काय झाडाला लागलेत, वहिनी?"

घरचं माणूस म्हणजे त्याची वहिनी, नम्रता. अकरा महिने ती घोडपदेवच्या त्या एका खोलीत सासूचं हगणंमुतणं काढत होती. त्याआधी लालबागला चष्म्याच्या दुकानात काउंटरवर होती. सकाळीच शेठचा फोन येऊन गेला होता. उद्या सोमवारी कामावर ये, नाहीतर दुसरी मुलगी ठेवतो. दुपारपर्यंत कळव.

"तेरा तुम्ही द्या, अजितभाऊ. तेरा मी माझ्या पगारातून देते," ती म्हणाली.

"सरळ सांग ना, म्हातारी नकोशी झाली म्हणून!" अजित खारघरहून महिन्यातून एकदा यायचा, जेवायचा, शहाणपण शिकवायचा आणि जायचा.

नम्रताचा नवरा अभय इतका वेळ मान खाली घालून रस्सा ओरपत होता. आता तोंड उघडलं ते असं. "जाऊ दे ना नमू. तुला आता सवय झालीय."

सवय! नम्रताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि हे सगळं कोणासाठी? जी बाई लग्नानंतर अठरा वर्षांत तिच्याशी एक धड शब्द बोलली नाही, तिच्यासाठी. आता तर कमलाबाई तिला ओळखतही नव्हत्या. "ए नवी बाई" म्हणून हाका मारायच्या.

कमलाबाई एके काळी महापालिकेच्या सफाई चौकीत मुकादम होत्या. चाळीस माणसांची हजेरी त्यांच्या हातात असायची. डोकं गेलं, पोटची पोरं विसरली, जेवलो की नाही तेही आठवेना, पण हजेरी काही सुटली नाही. रोज दुपारी दीडला, चौकी सुटायच्या वेळेला, उशीखालची वही बाहेर निघायची. म्हातारीचा चाळा म्हणून कोणी ती कधी उघडून पाहिली नव्हती.

दीड वाजला. वही निघाली.

"बघू आई, आज कोण कोण आलं कामावर?" अजितने हसत वही ओढून घेतली.

पानापानावर एकच नाव होतं. नवी बाई. पुढे ओळीने बरोबरच्या खुणा. एकही रविवार सुटला नव्हता. अजितचं हसू तिथेच विरलं.

कमलाबाईंनी वही हिसकावली. चष्मा नाकावर चढवून पानं मागे मागे उलटली आणि एकदम नम्रतावर कडाडल्या, "काय गं, हप्त्याची सुट्टी घेत नाय तू? कोणी अडवली?"

नम्रताने एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा दिराकडे.

"ह्यांनी," ती म्हणाली.

"हे कोण अडवणार? मुकादम मी आहे! माझ्या चौकीत माणसाला बैलासारखं राबवत नाय. चल, नीघ. आत्ताच्या आत्ता घरी जा."

अठरा वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी तिची बाजू घेतली होती. आणि कोणी, तर कमलाबाईंनी! नम्रताला रडू फुटलं. तिने रडतच हात धुतले, पर्स घेतली आणि चपला पायात सरकवल्या.

"अगं नमू! आईची गोळी? डायपर कुठे असतात?" अभय ताडकन उठला.

"शोधा," ती म्हणाली. गॅलरीत उभी राहून तिने फोन लावला. "शेठ, उद्या येते मी."

आत दोघे भाऊ खरकट्या हातांनी उभे होते. कमलाबाईंनी पेन्सिल जिभेला लावली आणि कोरं पान काढलं.

"तिच्या बदलीवर आलात ना तुम्ही दोघं? चला, नावं सांगा."